पहिलं अक्षर

“आज तू एक शब्द बोलायचा नाहीस,” अक्का म्हणाली. “नमस्कार करायचा, पाणी द्यायचं आणि मागल्या दारानं निघून जायचं. कुणी काही विचारलं तर मान हलव.”

“आणि मान हलवून भागलं नाही तर?”

“तर खोक. खोकत खोकत आत ये.”

ती शिवणाच्या मशिनवर झाकण घालत होती. रविवारची सकाळ होती, जानेवारीतली. भुसावळला रेल्वे कॉलनीच्या मागं आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत अक्काचं मशिन, आतल्या खोलीत अण्णांची खाट. मधल्या भिंतीवर अक्कानं ब्लाऊजचे कागदी कट खिळ्याला टांगलेले असायचे. पाहुणे यायचे म्हणून आईनं ते काढायला सांगितले, पण अक्का म्हणाली, राहू देत, माझंच काम आहे ते, चोरीचं नाही.

अक्का तेव्हा तीस वर्षांची. त्याआधी तिला दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यांनी अण्णांची खाट बघितली आणि चहा न संपवता उठले. दुसऱ्यांना मुलीचं वय उशिरा कळलं. हे तिसरं, धुळ्याचं. दत्तात्रय खैरनार, वय चौतीस, भूमापन कार्यालयात नकाशे उतरवून काढायच्या कामावर. स्थळाला आई-वडील नव्हते, होते ते एक मामा. आईनं पाहुण्यांसाठी सांजा केला होता आणि केळ्याचे वेफर तळून डब्यात भरून ठेवले होते. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

आता माझ्यावर तोंड बंद ठेवायची पाळी का आली, ते सांगतो. माझी एक खोड आहे. समोरचा माणूस जसा बोलतो तसा मी बोलायला लागतो. मुद्दाम नाही करत. माझी मला खबरही नसते. नाव माझं मुकुंद निकुंभ. ज्याच्या नावातच आडनाव पुढच्याची री ओढतं, त्यानं आणखी काय करायचं?

रेल्वेच्या गावात जगभरची माणसं. नागपूरकडचे एक गार्ड शेजारी राहायचे, त्यांच्या ओट्यावर बसलो की थोड्या वेळानं मी “काय करून राह्यले काका” म्हणायचो. कोकणातल्या मास्तरीणबाई भेटल्या की तोंडात ‘खंय’ यायचं. शाळेत भूगोलाचे सर नाकात बोलायचे. त्यांनी मला गोदावरीच्या उपनद्या विचारल्या, मी चार नद्या सांगेपर्यंत सुरात आलो आणि पाचव्या नदीला थोबाडीत खाल्ली. सर्वांत वाईट झालं ते न्हाव्याच्या दुकानात. शंकर ‘स’ला ‘थ’ म्हणायचा. अर्धी दाढी झाली तोवर मी ठीक होतो. मग म्हणालो, “शंकर, थाबण जरा कमी लाव.” उरलेली अर्धी त्यानं केली नाही. मी रुमाल गालाला लावून बाजारातून घरी आलो.

आई म्हणायची, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही. अक्काचं तसं नव्हतं. तिला माझ्या खोडीचं कौतुक होतं. एकदा तिनं घड्याळ लावून बसून पाहिलं होतं. “दहा मिनिटं,” ती म्हणाली. “तुला चढायला दहा मिनिटं लागतात. आधी सूर चढतो, मग शब्द, आणि मग त्या माणसाचं जे काही व्यंग असेल ते. नऊ मिनिटांत उठत जा, म्हणजे मार खाणार नाहीस.”

या खोडीचा एक फायदा मात्र मला झाला, तोही सांगायला हवा. अण्णा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. त्या जानेवारीच्या तीन वर्षं आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, फक्त एक शब्द तेवढा उरला. “तिकीट.” नोकरीभर जो शब्द डब्याडब्यातून म्हटला, तोच जिभेला चिकटून राहिला. पाणी हवं असलं तरी तिकीट, कूस बदलायची असली तरी तिकीट, खिडकीतून ऊन आलं तरी तिकीट. आम्हाला सगळे सारखेच वाटायचे. अक्काला मात्र त्यातलं प्रत्येक वेगळं कळायचं. मशिन चालवता चालवता ती म्हणायची, “आई, त्यांना तहान लागली,” आणि खरंच तहान लागलेली असायची.

मी अण्णांपाशी बसलो की दहा मिनिटांनी माझंही तोंड एका बाजूला ओढलं जायचं आणि शब्द जड व्हायचे. आई घाबरली. “तू नको बसूस बाबा त्यांच्यापाशी,” म्हणाली. “एक गेलं ते पुरे.” तेव्हापासून मी आतल्या खोलीत जेवणापुरता जायचो. अण्णांना उचलणं, पुसणं, कूस बदलणं सगळं अक्काकडे. आईच्यानं ते होत नसे, तिची कंबर गेलेली. मला वाईट वाटायचं, पण काय करणार, खोडच तशी.

तर धुळ्याहून येणारा पाहुणा बोलताना अडखळायचा. हे आम्हाला मामांनी सांगितलं नव्हतं, मध्यस्थानं तर नाहीच नाही. पाहुण्यानं ते स्वतः अक्काला कळवलं होतं. आठ दिवसांपूर्वी तिच्या नावानं निळं अंतर्देशीय पत्र आलं. पोस्टमननं ते मशिनवर ठेवलं, तिनं बाहीचं शिवण पुरं केलं, मग कात्रीनं पत्राची कड कापली. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घडी करून मशिनच्या खणात रिळांखाली ठेवून दिलं. संध्याकाळी मला ओट्यावर बोलावून म्हणाली, “मुकुंदा, ते बोलताना अडखळतात. आईला अजून सांगितलेलं नाही, मी सांगेन. तुला आधी सांगते, कारण तुझी धास्ती आहे.”

“तुला चालणार आहे का तसा माणूस?”

“लपवलं नाही त्यांनी,” एवढंच ती म्हणाली. मग उठताना, “अक्षर फार सुंदर आहे.”

त्याच आठवड्यात मलाही एक पत्र आलं होतं. नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून नेमणूक, एक तारखेला हजर व्हा. दोन वर्षं अर्ज करून करून आलेलं पत्र ते. पण त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. सगळ्यांचं लक्ष धुळ्याकडं.

पाहुणे साडेदहाच्या एसटीनं आले. मामा पुढे, भाचा मागे. मामांचं नाव गंगाधर बागुल. पारोळ्याला कापडाचं दुकान. बोलायला मोकळे आणि मोठे. चप्पल काढता काढताच त्यांनी एसटीचा कंडक्टर, अंमळनेरचा रस्ता आणि भुसावळचं ऊन या तिन्ही विषयांवर आपलं मत सांगून टाकलं. भाचा उंच, जरा वाकलेला, नाकावर जाड चष्मा. बोटांना शाई होती, घासूनही न निघालेली. त्यानं हात जोडले, हसला, काही बोलला नाही.

मी नमस्कार केला, पाणी दिलं. मामा म्हणाले, “गाव कोणतं तुमचं मूळचं?” मी खोकलो. मामांनी उत्तराची वाट बघितलीच नाही, ते आपल्या गावाकडे वळले. मला बरं वाटलं. मी मागल्या दाराकडे निघालो.

भाचा तेवढ्यात भिंतीकडे बघत होता. उठला आणि त्या टांगलेल्या कागदी कटांपाशी गेला. एक कट त्यानं हलकेच बोटांत धरला आणि मुंढ्याची गोलाई, म्हणजे बाही जोडतात ती काखेची रेघ, नखानं अगदी सावकाश गिरवली. वरून खाली, परत खालून वर. मान हलवली. आतल्या दाराच्या फटीतून अक्का ते बघत होती. तिला मी तशी कधी पाहिली नव्हती. तीस वर्षांत तिच्या त्या रेघेकडे कुणी रेघ म्हणून बघितलं नव्हतं.

“कुठे निघाले?” मामांनी मला हाक दिली. “बसा ना राव. वडील असे आजारी, म्हणजे घरातले कर्ते पुरुष तुम्हीच. आता बोलावा मुलीला, आणि ओळख तुम्ही करून द्या. रीत आहे ती.”

आई दारात येऊन म्हणाली, “त्याला जरा खोकला झालाय. मी सांगते ना—”

“नाही वहिनी, त्याचं काम त्यानंच करायचं.”

मी बसलो. अक्का चहाचा ट्रे घेऊन आली. गुलाबी पातळ, कोपरापर्यंतच्या बाह्या, केसात काही नाही. तिनं ट्रे स्टुलावर ठेवला नाही, हातातच धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून दिसतं. विनवणी होती त्यात, पण विश्वासही होता. भाचा खुर्चीत सरळ होऊन बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर. मामा गप्प झाले.

मी उभा राहिलो. म्हणालो, “ही माझी थोरली बहीण. प... प... प... प्... प्...”

ओठ नुसते एकमेकांवर आपटत राहिले. मामांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं. आई म्हणाली, “मुकुंदा,” आणि मी तिच्याकडे बघूनही “प... प...” करत होतो. शेवटी नाव बाहेर पडलं तेव्हा माझ्या कपाळावर घाम होता.

“हा काय प्रकार?” मामांनी विचारलं.

आई पुढं झाली. बिचारी सावरायला गेली आणि आणखी खड्ड्यात घातलं. “रागावू नका हो. त्याला खोड आहे लहानपणापासूनची. समोरचा बोलतो तसा हा बोलतो. मनात काही नसतं त्याच्या. कुणाचीही नक्कल होते त्याच्याकडून, अगदी कुणाचीही.”

“म्हणजे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं,” मामा म्हणाले. त्यांचा मोठा आवाज आता बारीक झाला होता. “आम्ही येण्याआधी घरात बसून चर्चा झाली असेल. हसलेही असाल.”

“नाही हो, कोण हसेल—”

भाचा उठला. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. त्यानं अक्काकडे बघितलं आणि तोंड उघडलं. वेळ लागला. आम्ही सगळे उभे होतो आणि तो ओठ मिटून त्या अक्षराशी झगडत होता. “प... प... प्रमिलाबाई,” तो म्हणाला. “प... पत्र तुम्हाला लिहिलं होतं.”

अक्का म्हणाली, “मी—”

आतून अण्णा ओरडले, “तिकीट.” एकदा, मग पुन्हा. ती तशीच उभी राहिली असती तर काय झालं असतं, मला माहीत नाही. तिला अण्णांचा प्रत्येक आवाज कळायचा, त्या दिवशीही कळला. तिनं ट्रे माझ्या हातात दिला आणि आत गेली. त्यांची कूस बदलून, उशी नीट करून ती बाहेर आली तेव्हा मामा-भाचे वळणापलीकडे गेले होते.

आई रडत होती. रडता रडता माझ्यावर चिडली आणि चिडता चिडता माझीच बाजू घेतली. “त्याला तरी काय बोलणार? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. नशीबच खोटं आपलं.”

अक्कानं तिन्ही कप आत नेऊन विसळले. सांजा शेजारच्या गार्डकाकांकडे पाठवून दिला. दुपारी मशिनचं झाकण काढलं आणि काम सुरू केलं. तिनं धुळ्याला एक पत्र लिहिलं, ते मला माहीत आहे. उत्तर आलं नाही. दत्तात्रय खैरनारांचं पुढच्या वर्षी चाळीसगावच्या मुलीशी लग्न झालं, असं मध्यस्थाकडून कळलं.

एक तारखेला मी नांदेडला हजर झालो.

अण्णा पुढं नऊ वर्षं जगले. ते गेले तेव्हा अक्का एकोणचाळीसची होती. नंतर आईनं अंथरूण धरलं, तिचं सहा वर्षं अक्कानंच केलं. मी दिवाळीला जायचो, मनिऑर्डर करायचो, माझं लग्न झालं, मुलगी झाली. आणि ही गोष्ट मी सांगू लागलो.

होय, हीच गोष्ट. नांदेडच्या कचेरीत पहिल्यांदा सांगितली, डबा खाताना. न्हाव्याच्या दाढीपासून सुरुवात, मग भूगोलाचे सर, आणि शेवटी धुळ्याचे पाहुणे. मी ‘प... प...’ करून दाखवलं की माणसं ठसक्यानं गुदमरायची. सांगता सांगता ती गोटीसारखी गुळगुळीत झाली. लग्नाच्या पंगतीत, सहलीच्या बसमध्ये, निवृत्तीच्या समारंभात, जिथं चार माणसं जमली तिथं कुणीतरी म्हणायचं, “निकुंभ, ती जिभेची गोष्ट सांगा.” शेवटी मी मान हलवून म्हणायचो, “माझ्या जिभेनं माझ्या बहिणीचं लग्न मोडलं हो.” त्यावर बायका हळहळायच्या. मला तेही आवडायचं.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही सगळे भुसावळला अक्काकडे गेलो. मी एकसष्ट वर्षांचा, अक्का सदुसष्ट. खोल्या त्याच, मशिन तेच, आता त्यावर झाकणच असतं. बरोबर माझी बायको, मुलगी रेवती आणि नवा जावई निखिल. निखिल नागपूरचा. त्याच्याशी गप्पा मारता मारता मी “तुमच्या तिकडं संत्री कशी चालू आहेत, काहून नाही आणली” असं काहीतरी बोललो आणि रेवती टाळी वाजवून हसली. “बाबांना चढलं. बाबा, निखिलला ती गोष्ट सांगा ना.”

मी सांगितली. साबण, नद्या, पाहुणे. अक्का दारात बसून फुलवाती वळत होती. तीही हसत होती. ती नेहमीच हसायची. “जिभेनं लग्न मोडलं” म्हणालो तेव्हा निखिलनं तिच्याकडे बघून हात जोडले, “आत्या, तुम्ही यांना घरात कसे घेता अजून?” सगळे पुन्हा हसले.

मी पाणी प्यायला आत गेलो. अक्का माझ्यामागून आली. तिनं ओवाळायचं ताट काढलं, सुपारी ठेवली, निरांजनात तूप घातलं.

“मुकुंदा, एक विचारायचं राहिलंय,” ती म्हणाली.

“विचार की.”

“‘प’ तुला कुणी सांगितला?”

“कसला प?”

“मी तुला एवढंच सांगितलं होतं, की ते अडखळतात. कुठल्या अक्षरावर, ते सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. ते पत्र मी कुणाला दाखवलं नव्हतं.” ती तुपाचं भांडं झाकत होती. “आणि तू ओळख करून दिलीस तेव्हा त्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं रे. तुला चढायला दहा मिनिटं लागतात.”

इथं मला खोकलाही आला नाही.

ते पत्र मी वाचलं होतं. अक्का भाजीला गेली होती, मी रिळं बाजूला केली आणि पत्र काढलं. चार ओळींचं होतं. त्यांचं अक्षर खरंच सुंदर होतं. “बोलताना मी अडतो. ‘प’ हे अक्षर मला सर्वांत जड जातं आणि आपलं नाव नेमकं त्याच अक्षरानं सुरू होतं. तेव्हा आपलं नाव घ्यायला मला वेळ लागेल. तेवढा वेळ आपण थांबाल का, एवढंच विचारायचं आहे. हे पत्र फक्त आपल्यासाठी आहे.”

मी ते परत घडी करून ठेवलं. त्याच दुपारी आई मला म्हणाली होती, “देवाच्या दयेनं प्रमिलाचं जमलं, तर नांदेडचं राहू दे मुकुंदा. इथंच काहीतरी बघ. अण्णांना उचलायला घरात माणूस लागेल.” मी बरं म्हणालो. मग आतल्या खोलीत जाऊन अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघून “तिकीट” म्हणाले. मला ते कुठलं तिकीट होतं ते कळलं नाही, आणि आयुष्यभर तेच समजून घेत तिथं बसायचं हे मला नको झालं. रविवारी मामांनी ओळख करून दे म्हटलं, अक्का माझ्याकडे बघत उभी राहिली, तेव्हा माझी जीभ अगदी सरळ होती. मी तिला वाकडी केली. खोडीच्या आड लपायला जागा होती आणि मी लपलो. न्हाव्यानं, भूगोलाच्या सरांनी, साऱ्या गावानं माझ्यासाठी साक्ष तयार करून ठेवलेली होती.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“त्याच दिवशी. अण्णांची कूस बदलताना.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू एक तारखेला गेलास. अण्णांना उचलायला कुणीतरी हवंच होतं, भांडायला सवड कुणाला होती?” तिनं काडेपेटी शोधली, ती तिच्या हाताशीच होती. “लग्न मोडलं त्याचं एवढं नाही. मोडतात लग्नं. पण त्या माणसाला वाटलं, मी त्याचं पत्र घरभर वाचून दाखवलं आणि आम्ही सगळे हसलो. तसंच समजत राहिला असेल. अजून जिवंत असेल तर अजून समजत असेल.”

“अक्का, मी तेव्हा—”

“मला नको सांगूस. मला ठाऊक आहे.” तिनं हनुवटीनं बाहेरच्या खोलीकडे खूण केली. “त्यांना सांग. दर वेळी गोष्ट सांगतोस आणि दर वेळी अर्धी सांगतोस. मी हसते, मला वाटतं आज पुढचं सांगेल. आज पुरी सांग. मी दारात उभी राहते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं; मीही रागानं बोललो असतो. मी बाहेर आलो. पाट मांडलेला होता, भोवती रेवतीनं रांगोळी काढली होती. निखिल अजून त्याच गोष्टीत होता. त्यानं सरळ मनानं विचारलं, “बाबा, पण मग त्या माणसाचं पुढं काय झालं? त्याला कुणी सांगितलं की नाही, की तुम्हाला तशी सवय आहे म्हणून?”

अक्का ताट घेऊन दारात उभी होती. अगदी त्या दिवशी ट्रे घेऊन उभी होती तशी, त्याच चौकटीत, आणि माझ्याकडे बघत होती. रेवती माझ्याकडे बघत होती. बायको फराळाच्या ताटल्या लावता लावता थांबली होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी ते मनात जुळवलंही होतं.

“पुढं काय व्हायचं?” मी म्हणालो. “संपली गोष्ट. एवढीच आहे.”

निखिल हसला. रेवतीनं मोबाइल काढला, फोटोसाठी.

अक्कानं निरांजन पेटवलं आणि ती पुढं आली.

“बस पाटावर,” ती म्हणाली. “आणि टोपी घाल. ओवाळून घेते.”

मी टोपी घातली.